मृत्युपत्रातील संदिग्ध देणग्या आणि ‘बाकीची मिळकत’ : पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडच्या मृत्युपत्रांच्या शेवटी बहुधा ‘याखेरीज माझी जी काही स्थावर-जंगम मिळकत निघेल ती…’ असे एक वाक्य असते, किंवा ते लिहायचेच राहून जाते. वारसांमध्ये वाद निघाला की याच वाक्यावर बरेच काही ठरते. मात्र त्याचा अर्थ लावण्याचे आजचे नियम या भागात बऱ्याच उशिरा आले.

धर्मशास्त्रात मृत्युपत्राची स्वतंत्र कल्पना नव्हती. ती इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी दानाच्या नियमांच्या आधारे रुळवली, आणि 1872 मध्ये टागोर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) हिंदूचे मृत्युपत्र हिंदू कायद्याच्या चौकटीतच वाचावे असे ठरवले. 1870 चा हिंदू विल्स ॲक्ट मुंबई इलाख्यात मुंबई शहर आणि तेथील स्थावर मिळकत एवढ्यापुरताच होता. त्यामुळे सातारा संस्थान 1848 मध्ये खालसा झाले असले, तरी 1 जानेवारी 1927 पूर्वी साताऱ्यातल्या, किंवा तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडणाऱ्या तासगाव-वाळव्यातल्या हिंदूवर लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र करण्याचे बंधन नव्हते. तोंडी व्यवस्थाही ग्राह्य धरली जाई. त्या तारखेपासून 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील अर्थनिर्णयाची कलमे येथे लागू झाली. (सांगली, मिरज ही संस्थाने ब्रिटिश हद्दीबाहेर असल्याने त्यांची गोष्ट 1948 च्या विलीनीकरणापर्यंत वेगळी.) एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने दिली, तोवर हा विषय मुख्यतः स्वकष्टार्जित मिळकतीपुरता राहिला.

या कलमांचा रोख तांत्रिक शब्दांवर नाही, करणाऱ्याच्या इच्छेवर आहे. समजा, ‘ओढ्याकाठचा, अमुक कुळाच्या वहिवाटीतील मळा’ मुलीला दिला आहे. ओढ्याकाठी एकच मळा असेल आणि तो त्या कुळाकडे कधीच नसेल, तर चुकीचा तपशील गाळून मळा मुलीला मिळतो. पण तेथे दोन मळे असून त्यांपैकी एकच कुळाकडे असेल, तर तोच तपशील निर्णायक ठरतो. शेतजमिनींच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेल्या गावांत जुनी मृत्युपत्रे वाचताना हा भेद फार कामाला येतो. ‘माझी पुतणी अमुक’ असे लिहिले आणि त्याच नावाच्या दोन पुतण्या निघाल्या, तर बाहेरचा पुरावा घेता येतो. नावाची जागाच कोरी सोडली असेल, तर येत नाही आणि ती देणगी अनिश्चिततेमुळे रद्द होते. दोन कलमे एकमेकांना छेदत असतील, तर मृत्युपत्रात शेवटचे कलम टिकते.

अनिश्चिततेचा हा नियम आपल्याकडे सर्वात जास्त बोचला तो ‘धर्म’ या शब्दापाशी. मुंबईतून गेलेल्या रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्यात 1899 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ‘धर्मासाठी’ ठेवलेली देणगी अतिशय मोघम म्हणून रद्द ठरवली. ज्या समाजात धर्मादाय म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते, तेथे हा निकाल परकाच वाटावा. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, 1950 च्या कलम 10 ने तो प्रश्न मोकळा केला: धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान अशा उद्देशांचा सार्वजनिक न्यास केवळ उद्देश निश्चित नाहीत एवढ्यावरून रद्द होत नाही.

राहता राहिली शिल्लक मिळकत, म्हणजे नेमून दिलेल्या देणग्या वजा जाता उरणारी बाकीची मिळकत. तिचा हक्कदार नेमायला ठरावीक शब्द लागत नाहीत. पुतण्याला दिलेले घर पुतण्या मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच वारल्यास या शिलकीत जाते. मुलाला दिले असते आणि मुलगा आधी वारून त्याची मुले मागे असती, तर सहसा देणगी टिकली असती. शिलकीचे कलमच नसेल, तर न्यायालय ते आपल्या पदरचे लिहीत नाही. मिळकत मृत्युपत्राबाहेर राहू नये असे गृहीत धरता येते, पण ते इच्छेबद्दल खरोखर संदिग्धता असेल तेव्हाच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये ज्ञानंबाळ प्रकरणात स्पष्ट केले. आणि सगळी शिल्लक तिघांना वेगवेगळ्या हिश्शांनी दिली असून त्यांतला एक पुतण्या आधी वारला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या दोघांकडे जात नाही. तो विनामृत्युपत्र ठरून 1956 च्या कायद्याप्रमाणे वारसांत वाटला जातो, आणि बापाने जाणूनबुजून वगळलेला मुलगाही त्यात वर्ग एकचा (पहिल्या हक्काचा) वारस म्हणून हक्क सांगू शकतो.