लेस्टरचे दोन निर्वासित आणि एक फसवी सरासरी

स्थलांतराच्या आकडेवारीवर व्याख्यान दिलं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "युगांडातून इंग्लंडला गेलेल्यांनी दुकानं काढली, घरं घेतली, त्यांची मुलं खासदार झाली. सोमालियातून गेलेले मात्र अजून कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या स्वस्त भाड्याच्या, घरात. दोघेही आफ्रिकेतून जीव मुठीत धरून पळाले, दोघेही रिकाम्या हातांनी आले. मग फरक माणसांतच असणार ना?" विचारणारा बहुतेक वेळा सरळ मनाचा असतो. 'धंदा रक्तात असावा लागतो' हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं आणि इथे त्याला त्याचा पुरावा सापडल्यासारखं वाटतं. पाच मिनिटांत या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

तफावत खरी आहे, ती आधी मान्य करू. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 1 लाख 76 हजार लोकांनी स्वतःला सोमाली म्हणून नोंदवलं. त्यातले 72 टक्क्यांच्या आसपास लोक कौन्सिलच्या किंवा गृहसंस्थांच्या कमी भाड्याच्या घरांत राहत होते. देशभरातल्या कुटुंबांमध्ये हे प्रमाण 17 टक्क्यांच्या जवळपास आहे. रोजगाराच्या जुन्या पाहण्यांतही सोमालियात जन्मलेल्यांचा क्रमांक तळाशी लागत आला आहे. आकडे खोटे नाहीत. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहायला हवा.

युगांडाची गोष्ट आपल्याला थोडीफार माहीत असते. 4 ऑगस्ट 1972 रोजी तिथला लष्करशहा इदी अमीनने आशियाई, म्हणजे मुख्यतः गुजराती, लोकांना देश सोडायला सांगितलं आणि मुदत दिली 90 दिवसांची. देवाने स्वप्नात येऊन सांगितलं, असं कारण त्याने दिलं. एका माणसाच्या स्वप्नावर देशाचा व्यापार मोडला गेला. 27 ते 28 हजार लोक ब्रिटनला पोचले, काही हजार कॅनडात गेले, काही भारतात परतले. सोबत रोकड म्हणाल तर कुटुंबामागे जेमतेम 50-55 पौंड नेता येत होते. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली की आमच्या शहरात येऊ नका. तरीही हजारो लोक तिथेच गेले.

पण 'रिकाम्या हातांनी' हा शब्द जरा थांबून पाहू. यातल्या बहुतेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, म्हणजे विमानातून उतरल्यापासून काम करण्याचा हक्क होता. मुलं कंपाला, जिंजा, एंटेबीच्या शाळांत इंग्रजी शिकलेली होती. कीर्द-खतावणी, बँकेचा व्यवहार, उधारीचा हिशेब सगळं माहीत होतं. आपल्या गोव्याची माणसंही त्यांच्यात होती. वसाहतीच्या सरकारी कचेऱ्यांत गोवेकर कारकुनांची मोठी फळी होती, कंपाल्यात आणि एंटेबीत त्यांच्या गोवन इन्स्टिट्यूट होत्या. फायली सांभाळण्यात हयात घालवलेल्या या माणसांना लंडनमधली कचेरी परकी वाटण्याचं कारण नव्हतं. सरकारने युगांडा रीसेटलमेंट बोर्ड नेमलं, लष्कराच्या रिकाम्या तळांवर तात्पुरती सोय केली. लेस्टरमध्ये होजिअरीच्या गिरण्या होत्या, टाइपरायटरचा कारखाना होता, आणि बेलग्रेव्ह भागातली जुनी चाळवजा घरं स्वस्त होती.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती असं मात्र कोणी समजू नये. कंपाल्यात स्वतःच्या गल्ल्यावर बसणारी माणसं रात्रपाळीला मशीनवर उभी राहिली. 1974 साली लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगारांनी बोनस आणि भेदभावाच्या प्रश्नावर मोठा संप केला, त्यात युगांडाहून आलेले पुष्कळ होते. गोऱ्या कामगारांची युनियन त्यांच्यामागे उभी राहिली नाही. आज बेलग्रेव्ह रोडला 'गोल्डन माइल' म्हणून मिरवलं जातं, तेव्हा हा संप कोणाला आठवत नाही.

आता सोमालिया. योगायोग असा की त्याच 1972 च्या ऑक्टोबरमध्ये, युगांडाचे लोक इंग्लंडच्या विमानतळांवर उतरत असताना, सोमाली भाषेला पहिल्यांदा अधिकृत लिपी मिळाली. काव्याची थोर मौखिक परंपरा असलेली भाषा, पण तोवर शाळा आणि कचेऱ्या चालायच्या इंग्रजीत, इटालियनमध्ये, अरबीत. पुढच्या वर्षांत साक्षरतेची मोठी मोहीम झाली. मग 1988 साली हुकूमशहा सियाद बारेच्या सैन्याने स्वतःच्याच देशातलं हर्गेसा शहर बॉम्ब टाकून जमीनदोस्त केलं, 1991 च्या जानेवारीत बारे पळाला आणि राज्ययंत्रणाच कोसळली. शाळा बंद पडल्या. जी मुलं तेव्हा सहा-सात वर्षांची होती ती केनियातल्या दादाबसारख्या छावण्यांत वाढली. ब्रिटनला पोचणाऱ्या कितीतरी कुटुंबांत वडील नव्हते. मारले गेले होते किंवा मागे राहिले होते. आई आणि पाच-सहा मुलं.

कार्डिफच्या गोदीत सोमाली खलाशी एकोणिसाव्या शतकापासून होते हे खरं, पण हा नवा लोंढा वेगळा होता. त्यांना आश्रयाचा अर्ज करून निकालाची वाट पाहायची होती. सहा महिन्यांनंतर काम करू देण्याची जी सवलत होती, तीही जुलै 2002 मध्ये काढून घेण्यात आली. लंडनमधली घरं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली होती आणि गिरण्या बंद पडल्या होत्या. एवढ्या मोठ्या कुटुंबाला कौन्सिलच्या घराशिवाय दुसरं काय मिळणार होतं?

ही पार्श्वभूमी सांगितली की समोरचा म्हणतो, "ठीक आहे, परिस्थिती वेगळी होती. पण त्यातलं किती परिस्थितीमुळे आणि किती माणसांमुळे?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्यावर संख्याशास्त्राकडे एक सुंदर हत्यार आहे. 1955 साली एव्हलिन कितागावा या लोकसंख्याशास्त्रज्ञ बाईंनी ते मांडलं, आणि 1973 साली रोनाल्ड वाहाका आणि अॅलन ब्लाइंडर या दोघांनी आपापल्या स्वतंत्र लेखांत ते पगारांच्या तफावतीला लावलं. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी कल्पलेले आहेत. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरं.

समजा, दोन गट आहेत. पहिल्या गटातल्या 80 टक्के लोकांना चांगलं इंग्रजी येतं. इंग्रजी येणाऱ्यांपैकी 75 टक्क्यांना काम आहे, न येणाऱ्यांपैकी 45 टक्क्यांना. गटाचा एकूण रोजगार किती? 80 टक्क्यांचे 75 टक्के म्हणजे 60, अधिक 20 टक्क्यांचे 45 टक्के म्हणजे 9. एकूण 69 टक्के. दुसऱ्या गटात इंग्रजी येणारे फक्त 30 टक्के आहेत. त्यांच्यापैकी 65 टक्क्यांना काम, बाकीच्यांपैकी 25 टक्क्यांना. हिशेब येतो 19.5 अधिक 17.5, म्हणजे 37 टक्के. तफावत 32 अंकांची.

आता दुसऱ्या गटाला मनातल्या मनात पहिल्या गटाची घडण देऊ. म्हणजे त्यांच्यातही 80 टक्क्यांना इंग्रजी येतं असं धरू, पण काम मिळण्याचे दर त्यांचेच ठेवू. 52 अधिक 5, म्हणजे 57 टक्के. 37 वरून 57. तेव्हा 32 पैकी 20 अंक नुसत्या भाषेच्या वाटणीचे होते, उरले 12.

हेच गणित उलट्या दिशेने केलं तर? पहिल्या गटाला दुसऱ्याची घडण दिली, 30 टक्के इंग्रजीवाले, तर त्यांचा रोजगार होतो 22.5 अधिक 31.5, म्हणजे 54 टक्के. 69 वरून 54. आता भाषेच्या वाट्याला 15 अंक आले आणि उरले 17! तफावत तीच, आकडे तेच, आणि उत्तरं दोन. चूक कुठेही नाही. पहिल्या गटात इंग्रजी येण्या-न येण्याने 30 अंकांचा फरक पडतो, दुसऱ्या गटात 40 अंकांचा. भाषेच्या वाटणीतला 50 अंकांचा फरक कोणत्या मापाने मोजायचा, त्यावर उत्तर ठरतं. कितागावा बाईंनी दोन्हींची सरासरी घेतली: घडणीमुळे 17.5, दरांमुळे 14.5. बेरीज बरोबर 32.

प्रत्यक्ष अभ्यासात इंग्रजीसोबत वय, शिक्षण, येऊन झालेली वर्षं, लहान मुलांची संख्या, घरात दुसरा कमावता माणूस आहे की नाही, शहर, हे सगळं एकाच समीकरणात घालतात. प्रत्येक घटक आपापला वाटा उचलतो आणि न उलगडलेला शिल्लक भाग लहान होत जातो. या शिल्लक भागाबद्दल दोन्ही बाजूंचे उत्साही लोक घाई करतात. एक म्हणतो, उरलं ते सगळं भेदभावामुळे. दुसरा म्हणतो, उरलं तो त्यांचा स्वभाव. गणित यातलं काहीच म्हणत नाही. आपण जे मोजलं नाही ते सगळं त्या शिल्लक भागात असतं: मुलाखतीला नाव वाचून परत पाठवणारा मालक, युद्धात पाहिलेल्या गोष्टींनी उडालेली झोप, दर महिन्याला हवाल्याने गावी जाणारे पैसे. ते पैसे काही थोडेथोडके नाहीत. जगभरातले सोमाली मिळून वर्षाला सव्वा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवतात, असा 2010 नंतरच्या वर्षांतला अंदाज आहे. बचत करून घर घ्यायच्या आधीच हा पैसा घरातून गेलेला असतो.

आणखी एक सापळा आहे. तो समीकरणाच्या आधी, रकाना आखतानाच बसतो. 2001 च्या जनगणनेत युगांडात जन्मलेले सुमारे 55 हजार होते, सोमालियात जन्मलेले सुमारे 43 हजार. दहा वर्षांनी युगांडावाले 60 हजारांच्या आतच राहिले आणि सोमालियावाले लाखाच्या पुढे गेले. याचा अर्थ, पहिला गट बहुतेक जुनाच आहे, तीस-चाळीस वर्षं मुरलेला. दुसऱ्यात सतत नवी भर पडते आहे. शाळेतल्या पहिलीच्या वर्गाची दरवर्षी वाचनाची परीक्षा घेतली आणि 'गेली वीस वर्षं या वर्गाला जोडाक्षरं येत नाहीत' असा शेरा मारला तर गुरुजी हसतील, कारण ज्यांना आली ती मुलं दुसरीत गेली. 'सोमालियात जन्मलेले' हा रकाना असाच पहिलीचा वर्ग आहे. तिथे जन्मलेल्या आईबापांची लंडनमध्ये जन्मून पदवीधर झालेली मुलगी त्या रकान्यात मोजलीच जात नाही. आणि 'युगांडात जन्मलेले' म्हणजे सगळे गुजराती, हीसुद्धा चूकच. ऐंशीच्या दशकातल्या यादवीपासून पळालेले बगांडा, अचोली असे कृष्णवर्णीय युगांडन त्याच रकान्यात आहेत. त्यांची वाट 1972 च्या गुजरात्यांपेक्षा सोमाली लोकांच्या वाटेशी अधिक जुळते.

रक्ताच्या सिद्धान्ताला खरा धक्का बसतो तो नैरोबीत. 1991 नंतर सोमाली निर्वासित तिथल्या ईस्टली भागात उतरले. गॅरिसा लॉज नावाचं एक साधं लॉज होतं. तिथल्या खोल्यांमध्येच त्यांनी दुकानं थाटली, पुढे लॉजचं व्यापारी संकुल झालं, आणि पाहता पाहता ईस्टली ही पूर्व आफ्रिकेतली मोठी घाऊक बाजारपेठ बनली. तेच लोक, तेच युद्ध, पण बाजार ओळखीचा, भाषा आधीपासून तिथल्या सोमालींच्या तोंडी असलेली, दुबईचा माल जवळ. रक्त बदललं नव्हतं. उलट गुजराती दुकानदारीचा इतिहासही तपासून पाहा. 1896 ते 1901 मध्ये मोंबासाहून निघालेली रेल्वे बांधायला 32 हजारांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून नेले, मुख्यतः पंजाबातून, आणि त्यातले बहुतेक परत आले. दुकानदार वेगळे, ते कच्छ-सौराष्ट्रातून आपल्या ओळखीपाळखीने गेले. युगांडात शेतजमीन घेण्यावर परकीयांना बंधनं होती, वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव. मधे व्यापाराची जागा मोकळी ठेवली होती, ती यांनी धरली. ज्यांना जमलं नाही ते केव्हाच गावी परतले होते, त्यांची गणती 1972 च्या विमानांत नव्हती. यशस्वी माणसांची चाळणी सत्तर वर्षं चालली होती, आणि आपण फक्त चाळणीखाली उरलेलं पीठ पाहतो. जातीवरून माणसाची कुवत सांगणारे आपल्याकडचे लोकसुद्धा अगदी हीच चूक करतात, म्हणून मला हा विषय परका वाटत नाही.

तुलना करायचीच तर लेस्टरमध्ये करावी. 2000 च्या सुमाराला नेदरलँड्समधून हजारो सोमाली या शहरात आले. दहा-दहा वर्षं तिथे काढलेली, डच पासपोर्ट मिळालेली, युरोपच्या नियमांनुसार आल्या दिवसापासून काम करण्याचा हक्क असलेली कुटुंबं. छोटा धंदा काढायला तिथे परवाने आणि अटी फार, मुलांना लवकर कमी दर्जाच्या शाखेत ढकलतात, अशा तक्रारी घेऊन ती आली. मशिदी, दुकानं, आशियाई शेजारी असलेलं शहर त्यांना मोकळं वाटलं. आफ्रिकेतून थेट आलेल्या सोमालींशी त्यांची भाषा एक, धर्म एक. कागदपत्रं आणि मधली दहा वर्षं तेवढी वेगळी. घडण आणि दर वेगळे काढण्यासाठी यापेक्षा चांगला नैसर्गिक प्रयोग मिळणं कठीण.

2021 च्या जनगणनेत वांशिक ओळखीच्या प्रश्नाखाली 'सोमाली' असं स्वतः लिहिता येत होतं, त्यामुळे ब्रिटनमध्ये जन्मलेली मुलंही या गटात धरली जाऊ लागली. पहिलीच्या वर्गाचे पुढचे वर्ग आता मोजता येतील. युगांडाच्या बाजूला मात्र उलट झालं आहे. 1972 साली स्टॅन्स्टेडच्या विमानतळावर कोट घट्ट ओढून उतरलेल्यांची नातवंडं जन्माने ब्रिटिश आहेत आणि वंशाच्या रकान्यात बहुतेक जण 'इंडियन' अशी खूण करतात. पुणे-बंगळुरूहून काल गेलेला संगणक अभियंताही तिथेच खूण करतो.