रोमची धास्ती आणि सुएझचा हिशेब

अमेरिकेचे रोम होणार का, हा प्रश्न दर दहा-पंधरा वर्षांनी नव्याने निघतो. खरे तर तो अमेरिकेपेक्षा कितीतरी जुना आहे. इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती स्किपिओ जळत्या कार्थेजकडे, रोमच्या जुन्या वैऱ्याच्या नगराकडे, पाहत उभा होता आणि शेजारी इतिहासकार पॉलिबियस होता. ऐन विजयाच्या वेळी स्किपिओच्या डोळ्यांत पाणी आले. ट्रॉयच्या विनाशाविषयीच्या होमरच्या ओळी म्हणत, उद्या रोमवरही हीच पाळी येईल, असे तो बोलून गेला. रोमची तेव्हा चढती कमान होती. पश्चिमेचे रोमन साम्राज्य बुडायला त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षे लागली.

ही तुलना अमेरिकनांनी स्वतःच ओढवून घेतली आहे. सिनेट हे नाव रोमचे आणि कॅपिटॉल हे नावही रोमच्या टेकडीचे. त्या इमारतीखालून वाहणाऱ्या ओढ्यालाही टायबर म्हणत. त्याचे आधीचे नाव ‘गूज क्रीक’, म्हणजे हंसांचा ओढा. काम संपताच नांगराकडे परतलेला रोमन सिनसिनाटस हा वॉशिंग्टनच्या चाहत्यांचा आदर्श होता. योगायोग असा की, इंग्रज इतिहासकार गिबनच्या रोमच्या ऱ्हासावरील इतिहासाचा पहिला खंड फेब्रुवारी १७७६ मध्ये लंडनमध्ये निघाला आणि पाचच महिन्यांत अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले. जन्माच्या वर्षीच कोणी मृत्यूची पोथी हातात ठेवावी, तसे झाले.

पण रोम नेमके कशाने पडले? अलेक्झांडर डेमांट या जर्मन इतिहासकाराने आजवर सुचवल्या गेलेल्या कारणांची यादी केली, ती २१० वर गेली. ज्याला जे दुखते, ते तो रोममध्ये शोधतो. आयात-निर्यातीतील तुटीचेच पाहा. पहिल्या शतकात थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार केली होती की, हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. त्या व्यापाराची एक खूण आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडली : पोसायडन या सागरदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती. पण प्लिनी कुरकुरत होता तेव्हा साम्राज्य वाढतच होते, आणि ते सर्वांत मोठे झाले ते त्याच्यानंतर, सम्राट ट्राजनच्या काळात. नाण्यातली चांदी घटत जाणे हे दुखणे मात्र खरे होते. पहिला सम्राट ऑगस्टसच्या वेळी दिनारियस हा रोमन शिक्का जवळपास शुद्ध चांदीचा होता. इ.स. २७० च्या सुमारास त्याची जागा घेतलेल्या नाण्यात चांदी जेमतेम मुलाम्यापुरती उरली.

माझ्या मते अमेरिकेसाठी रोम हा लांबचा आरसा आहे. जवळचा आरसा ब्रिटनचा. दुसरे महायुद्ध ब्रिटनने जिंकले, पण उधारीवर. एका हिंदुस्थानचेच एक अब्ज पौंडांहून अधिक देणे त्याच्या वहीत चढले होते. म्हणजे ज्याच्यावर राज्य करायचे, तोच सावकार. १९४५ मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज घेतले. त्याचा शेवटचा हप्ता २९ डिसेंबर २००६ रोजी फिटला.

त्या उधारीचा अर्थ १९५६ मध्ये कळला. इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी २६ जुलैला सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी आतून संगनमत करून इजिप्तवर हल्ला केला. रणांगणावर ते हरत नव्हते, घसरत होता तो पौंड. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आपल्या या मित्रांवर एक गोळीही झाडली नाही. सैन्य मागे घेतल्याशिवाय आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत मिळू द्यायची नाही, एवढेच त्यांनी केले. आधी लढाईच्या बाजूने जोर लावणारे अर्थमंत्री मॅकमिलनच मंत्रिमंडळाला गंगाजळीचे आकडे दाखवू लागले. ६ नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली, जानेवारीत पंतप्रधान ईडन गेले आणि खुर्चीवर मॅकमिलन बसले! १९६७ मध्ये पौंडाचा भाव २.८० डॉलरवरून २.४० वर आणावा लागला. दोनच महिन्यांनी, सुएझच्या पूर्वेकडचे तळ आवरते घेणार, असे लंडनने जाहीर केले.

अमेरिकेच्या अस्ताची भाकिते तेव्हापासून चालूच आहेत. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा पहिला उपग्रह स्पुटनिक उडाला तेव्हा ती झाली. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले तेव्हाही झाली. १९८७ मध्ये इतिहासकार पॉल केनेडी यांनी, महासत्ता ताकदीबाहेर पसरतात आणि खचतात, असा सिद्धान्त मांडला. (दख्खनेत पंचवीस वर्षे अडकून पडलेला औरंगजेब ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे नवे नाही.) दोनच वर्षांनी जपानच्या मित्सुबिशी इस्टेटने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा घेतला आणि अमेरिकेत हलकल्लोळ झाला. पुढे कोसळले ते जपानी शेअर बाजार आणि सोव्हिएत संघ.

यावरून अमेरिका अमर ठरत नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिचा व्याजावरचा खर्च संरक्षण खर्चाच्या पुढे गेला, आणि सुएझचा हिशेब आठवणाऱ्याला हा आकडा तळांच्या वा विमानवाहू नौकांच्या संख्येपेक्षा जास्त बोलका वाटेल. फरक एवढाच की, ब्रिटनला डॉलर हवे होते आणि ते छापणारा दुसरा होता. अमेरिकेचे देणे तिच्याच चलनात आहे. शिवाय पौंडाच्या गादीवर बसायला डॉलर दारात उभा होता, तसा डॉलरमागे आज कोणी उभा नाही. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनसाठ्यांत डॉलरचा वाटा शतकाच्या आरंभी सुमारे ७० टक्के होता, तो आता ६० च्या खाली आला आहे. मात्र सुटलेल्या या वाट्यातला थोडाच चीनच्या युआनकडे गेला. बराचसा गेला ऑस्ट्रेलियन आणि कॅनेडियन डॉलर, दक्षिण कोरियाचा वॉन अशा धाकट्या चलनांकडे.