ओर्गानो निवडुंग

ओर्गानो हा कॅक्टेसी कुलातील, खांबासारखा सरळ वाढणारा निवडुंग मूळचा मध्य व दक्षिण मेक्सिकोतील असून तेथील खेड्यांत परसाभोवती आणि शेताच्या बांधावर जिवंत कुंपण म्हणून तो लावला जातो. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कांदॉल यांनी 1828 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले; पॅकिसिरियस मार्जिनेटस हे त्याचे प्रचलित नाव असून अलीकडे काही अभ्यासक त्याला लोफोसिरियस प्रजातीत घालतात.

याची ओळख काट्यांवरून नव्हे, तर धारांवरून, म्हणजे खोडावरील उभ्या कंगोऱ्यांवरून पटवावी. गर्द हिरव्या खोडाला बहुधा 5 किंवा 6 ठळक धारा असतात आणि प्रत्येक धारेच्या कडेवर पांढऱ्या लवेचे ठिपके इतके लागून येतात, की बुंध्यापासून शेंड्यापर्यंत खडूने ओढल्यासारखी सलग रेघ दिसते. काटे आखूड असतात. फुले लहान, नळीसारखी असून धारांवरच येतात. इसोलाटोसिरियस ड्युमॉर्टिएरी या निवडुंगाचे ठिपकेही असेच दाट असल्याने गफलत होऊ शकते. मात्र त्याचे खोड आधी लाकडी बुंधा धरते व वर फांद्यांचा झुपका करते, तर ओर्गानोचे खांब जमिनीलगतच फुटून एकमेकांशेजारी उभे राहतात. स्टेनोसिरियस थर्बेरी या निवडुंगाला धारा बऱ्याच जास्त, म्हणजे 12 ते 19 असतात. महाराष्ट्रात कुंपणाला लावतात तो शेर किंवा काटेरी थोर हे एरंडाच्या कुलातील असून खरचटताच त्यांतून पांढरा, डोळ्यांना घातक चीक वाहतो. ओर्गानोच्या कापातून तसा दुधी चीक येत नाही.

लागवड बियांपासून होते, पण कुंपणासाठी फाटेच लावतात, कारण लावल्या दिवसापासून त्यांना उंची असते. धारदार सुरीने कापलेला फाटा सावलीत ठेवून कापाचे तोंड पूर्ण सुकू द्यावे; जाड फाट्याला यासाठी दोनतीन आठवडेही लागतात. ओल्या तोंडाचा फाटा मातीत गेला, की बुडापासून कुजतो, आणि या पिकात होणारे बहुतेक नुकसान असेच होते. पाण्याचा निचरा होणाऱ्या मुरमाड जमिनीत चर खणून फाटे जवळजवळ चिकटवून उभे करतात, माती दाबतात आणि मुळे धरेपर्यंत त्यांना काठ्यांचा आधार देऊन पाणी बेताचेच घालतात. पुढे बुडाशी नवे फुटवे येऊन फटी भरत जातात. उंची वाढल्यास शेंडा छाटतात. तोच तुकडा सुकवून रिकाम्या जागी लावला जातो, त्यामुळे एकदा जम बसलेले कुंपण स्वतःच्याच फाट्यांवर दुरुस्त होत राहते.

मेक्सिको शहराच्या सान आंखेल भागात वास्तुविशारद हुआन ओगॉर्मन यांनी दिएगो रिवेरा व फ्रिदा कालो या चित्रकारांसाठी 1930 च्या दशकाच्या आरंभी बांधलेल्या जोडघराभोवती दगडी भिंतीऐवजी याच निवडुंगाची रांग आहे. खेड्यातील हे कुंपण आधुनिक वास्तूला किती शोभते, ते तेथे पाहण्यासारखे आहे.