सूर्याजवळील अनोळखी वस्तूंची ओळख

सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या अंतराळ दुर्बिणींच्या प्रतिमांत सूर्याभोवती अनेकदा ठिपके, रेघा, चकत्या किंवा गोळे दिसतात. ते आकाशातील खऱ्या वस्तूंमुळे दिसतात, सूर्याच्याच वातावरणाचा भाग असतात, की उपकरणात अथवा प्रतिमेवरील प्रक्रियेत निर्माण झालेले असतात, हे ठरवण्याचे काम म्हणजे ही ओळख होय. या कामात एखाद्या प्रतिमेतील आकारापेक्षा लागोपाठच्या प्रतिमांतील हालचालीला अधिक वजन दिले जाते, आणि ते रास्तच आहे. एकाच चित्रात बुध ग्रह बशीसारखा दिसू शकतो आणि धुळीचा कण प्रचंड गोळ्यासारखा. मात्र पुढच्या दहा-बारा चित्रांत दोघेही ज्या रीतीने सरकतात, त्यावरून त्यांचे खरे स्वरूप उघड होते.

अशा प्रतिमांचा सर्वांत मोठा साठा युरोपीय अंतराळ संस्था आणि नासा यांच्या सोहो या संयुक्त यानाने दिला आहे. 2 डिसेंबर 1995 रोजी सोडलेले हे यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे 15 लाख किलोमीटरवर, एल-1 या बिंदूभोवती फिरते; सूर्य आणि पृथ्वी यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे या बिंदूपाशी यान पृथ्वीच्या सोबतीने सूर्याभोवती फिरत राहू शकते. त्यावरील लॅस्को हे उपकरण कोरोनाग्राफ प्रकारचे आहे, म्हणजे मधोमध बसवलेल्या चकतीने सूर्यबिंब झाकून ते एरवी फक्त खग्रास ग्रहणात दिसणारे सूर्याचे प्रभामंडळ, म्हणजे त्याचे विरळ बाह्य वातावरण, टिपते. ही युक्ती फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार ल्यो यांनी 1930च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. लॅस्कोच्या सी-2 कॅमेऱ्याचे क्षेत्र सूर्यकेंद्रापासून सुमारे 6 सूर्यत्रिज्यांपर्यंत आणि सी-3चे सुमारे 30 सूर्यत्रिज्यांपर्यंत पसरलेले आहे. सी-2ची चित्रे नारिंगी आणि सी-3ची निळी दिसतात, पण हे रंग नंतर दिलेले आहेत. मधली पांढरी वर्तुळरेषाही प्रक्रियेत काढलेली असून ती झाकलेल्या सूर्यबिंबाचा आकार दाखवते. सी-3च्या चित्रात एका कोपऱ्यातून मध्याकडे येणारा काळा पट्टा ही चकती धरून ठेवणाऱ्या दांडीची सावली आहे. 2003 मध्ये सोहोची मुख्य अँटेना फिरवणारी यंत्रणा अडकल्यापासून ते यान दर काही महिन्यांनी 180 अंशांत उलटे केले जाते. त्यामुळे ही सावली कधी खालच्या डाव्या, तर कधी वरच्या उजव्या बाजूला दिसते, आणि नवख्या निरीक्षकाला वाटते की चित्रात काहीतरी नवे उपटले आहे.

प्रतिमेतील बहुतेक ठिपके तारे असतात. सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज सुमारे एक अंश पूर्वेकडे सरकतो. लॅस्कोच्या चित्रांत उत्तर वर आणि पूर्व डावीकडे असल्यामुळे तारे डावीकडून उजवीकडे जाताना दिसतात. सी-3चे क्षेत्र सुमारे 16 अंश रुंद आहे, म्हणून एखादा तारा ते साधारण पंधरवड्यात ओलांडतो आणि 1024 पिक्सेल रुंदीच्या चित्रात ताशी जेमतेम अडीच-तीन पिक्सेल पुढे जातो. दरवर्षी मे महिन्यात कृत्तिकांचा पुंजका आणि ऑगस्टमध्ये मघा नक्षत्राचा ठळक तारा या क्षेत्रातून जातो. हे वेळापत्रक कधी चुकत नाही, त्यामुळे कोणत्याही संशयित ठिपक्याची पहिली पडताळणी ताऱ्यांच्या नकाशावरच करावी लागते.

ग्रहांची चाल थोडी वेगळी असते. मंगळ, गुरू आणि शनी हे बाह्यग्रह नेहमी ताऱ्यांसारखेच उजवीकडे जातात. बुध आणि शुक्र अंतर्युतीच्या वेळी, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाताना, उजवीकडे जातात, पण बहिर्युतीच्या वेळी, म्हणजे सूर्याच्या पलीकडून जाताना, ते सूर्यापेक्षा वेगाने पूर्वेकडे सरकत असल्याने चित्रात उजवीकडून डावीकडे, म्हणजे सगळ्या ताऱ्यांच्या उलट दिशेने जाताना दिसतात. हे ग्रह कॅमेऱ्याच्या मानाने अतिशय तेजस्वी असतात. प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणाऱ्या, कॅमेऱ्यातील सीसीडी संवेदकातील एखादा पिक्सेल प्रकाशाने काठोकाठ भरला, की जास्तीचा विद्युतभार शेजारच्या पिक्सेलांत ओघळतो आणि ग्रहाच्या दोन्ही बाजूंना आडव्या टोकदार रेघा उमटतात. पंख असलेल्या तबकडीचा जो आकार अनेकांना बुचकळ्यात टाकतो, तो याच ओघळण्यातून तयार होतो. प्रतिमा मोठी करून पाहिली, तर रेघा पिक्सेलांच्या ओळीला काटेकोर समांतर आढळतात आणि वस्तू कुठेही सरकली तरी त्यांची दिशा बदलत नाही.

एकाच चित्रात दिसून पुढच्या चित्रात नाहीशा होणाऱ्या खुणा बहुतेक वेळा विश्वकिरणांच्या, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, असतात. विद्युतभारित कण संवेदकावर सरळ आदळला तर ठिपका आणि तिरका आदळला तर रेघ उमटते. मोठ्या सौर उद्रेकानंतर वेगवान प्रोटॉन यानापर्यंत पोहोचतात, तेव्हा साऱ्या चित्रावर बर्फ पडल्यासारखे दिसते. जुलै 2000 आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर 2003 मधील उद्रेकांच्या प्रतिमा याची उत्तम उदाहरणे आहेत. काटकोनी चौकटी दिसल्या तर त्या पृथ्वीपर्यंत न पोहोचलेल्या माहितीच्या जागा असतात. यानाच्या आवरणातून सुटलेले कण भिंगाच्या अगदी जवळून जात असल्यामुळे फोकसमध्ये येत नाहीत आणि मोठ्या फिकट चकत्यांसारखे किंवा रुंद पट्ट्यांसारखे उमटतात. असे अनेक पट्टे एकाच वेळी एका बाजूने पसरलेले दिसले, तर ते कण यानाचेच आहेत असे समजावे.

प्रतिमेवरील प्रक्रियेमुळे होणारी फसगत ओळखणे त्याहून अवघड असते. डिसेंबर 2011 मध्ये सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या नासाच्या स्टिरिओ यानाच्या प्रतिमांत सूर्यापासून निघालेली द्रव्याची लाट बुधावरून जाताना, ग्रहाशेजारी एक मोठा आकार अचानक उजळल्याचे दिसले आणि तेथे एखादे लपलेले यान असल्याची चर्चा जगभर झाली. खुलासा साधा होता. फिकट लाट दिसावी म्हणून प्रत्येक चित्रातून आदल्या दिवसाच्या चित्रांवरून काढलेली पार्श्वभूमी वजा केली जाते. तारे आणि प्रभामंडळाचा स्थिर प्रकाश यामुळे निघून जातो, पण बुध त्या दिवसभरात पुढे गेलेला असल्याने त्याची कालची जागा एखाद्या डागासारखी मागे उरते. हा डाग बुधाच्या आदल्या दिवसाच्या स्थानाशी नेमका जुळला, आणि प्रश्न सुटला. वजाबाकी होण्यापूर्वीची मूळ प्रतिमा पाहण्याचा आग्रह का धरावा, हे या एका प्रसंगातून जेवढे कळते तेवढे इतर कशातूनही कळत नाही.

कधी दिसणारा आकार खरोखर तेथे असतो, फक्त तो स्वतंत्र वस्तू नसतो. मार्च 2012 मध्ये नासाच्या एसडीओ वेधशाळेच्या प्रतिमांत सूर्याच्या कडेवर एक काळा गोल दिसला, आणि त्याला सूर्याशी जोडणारा बारीक दोरही होता. दोर म्हणजे चुंबकीय क्षेत्राने तोलून धरलेल्या, तुलनेने थंड द्रव्याची कमान होती, आणि काळा गोल म्हणजे तिच्या वरची कमी घनतेची पोकळी. ही पोकळी बोगद्यासारखी लांब असते. सूर्याच्या कडेवर ती टोकाकडून दिसते तेव्हा वर्तुळाकार भासते.

या सगळ्या चाळणीतून उरणाऱ्या खऱ्या नव्या वस्तू बहुतांशी धूमकेतू असतात. अंतराळातील कोरोनाग्राफने धूमकेतू सापडू शकतो, हे पी-78-1 उपग्रहावरील सोलविंड उपकरणाच्या 1979 मधील प्रतिमांवरून प्रथम कळले. सोहोच्या प्रतिमांत सापडलेल्या धूमकेतूंची संख्या सप्टेंबर 2015 मध्ये 3000, जून 2020 मध्ये 4000 आणि मार्च 2024 मध्ये 5000 झाली. यातील बहुतांश शोध जगभरातील हौशी निरीक्षकांनी सार्वजनिक प्रतिमा चाळून लावले आहेत, आणि ज्या चिकाटीने ते हे काम करतात तिचे मोल व्यावसायिक खगोलशास्त्रालाही मान्य आहे. सापडलेल्यांपैकी बहुसंख्य धूमकेतू क्रॉइट्स गटातील आहेत. जर्मन खगोलशास्त्रज्ञ हाइन्रिश क्रॉइट्स यांनी 1843 आणि 1882च्या महाधूमकेतूंसह काही धूमकेतूंच्या कक्षा जवळजवळ सारख्या असल्याचे दाखवले. ते सारे एकाच मोठ्या धूमकेतूचे तुकडे मानले जातात. कक्षा समान असल्यामुळे वर्षातील ठराविक महिन्यात हे तुकडे चित्राच्या ठराविक बाजूनेच येतात, आणि अनुभवी निरीक्षक ठिपका कोणत्या वाटेवर आहे हे पाहूनच त्याच्याविषयी अंदाज बांधतो. सूर्याजवळ येताना धूमकेतूचा वेग आणि सहसा तेजही वाढत जाते, सी-2 मध्ये तो थेंबासारखा लांबट होतो, आणि बहुतेक तुकडे सूर्याला वळसा पूर्ण होण्याआधीच विरून जातात. याला अपवाद लव्हजॉय धूमकेतूचा. डिसेंबर 2011 मध्ये तो सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे 1.4 लाख किलोमीटर अंतरावरून जाऊन पुन्हा बाहेर पडला. आयसॉन धूमकेतू मात्र 28 नोव्हेंबर 2013 रोजी सूर्याजवळ फुटला. त्याच्या जागी धुळीचा एक ढग बाहेर आला आणि काही दिवसांत विरून गेला.

एखादा ठिपका धूमकेतू म्हणून मान्य होण्यासाठी लागोपाठच्या अनेक प्रतिमांतील त्याची स्थाने पिक्सेलमध्ये मोजावी लागतात, ती ताऱ्यांच्या संदर्भाने आकाशातील स्थानांत रूपांतरित करावी लागतात आणि त्यांतून सुसंगत कक्षा निघावी लागते. दोन-तीनच प्रतिमांत दिसलेला ठिपका कितीही आकर्षक असला तरी सोडून द्यावा लागतो, कारण विश्वकिरणांचे दोन ठिपके योगायोगाने एका ओळीत येणे मुळीच दुर्मीळ नाही. शक्य तेथे दुसऱ्या यानाच्या प्रतिमाही तपासल्या जातात. सोहो आणि स्टिरिओ अंतराळात वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे खरी वस्तू दोघांनाही आपापल्या दिशेने दिसते, उपकरणातील दोष मात्र एकाच ठिकाणी राहतो. भारताच्या आदित्य-एल1 यानावरील कोरोनाग्राफ 1.05 सूर्यत्रिज्यांइतक्या जवळून प्रभामंडळ पाहतो, त्यामुळे लॅस्कोच्या चकतीआड राहणारा पट्टाही आता निरीक्षणाच्या टप्प्यात आला आहे.

बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह असावा, हा तर्क फ्रेंच गणिती ले वेरिए यांनी 1859 मध्ये मांडला होता आणि त्याला व्हल्कन असे नावही देण्यात आले होते. बुधाच्या कक्षेतील ज्या फरकासाठी तो ग्रह हवा होता, त्याचा उलगडा 1915 मध्ये आइनस्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने झाला. तरीही त्या पट्ट्यात लहान लघुग्रह शिल्लक असतील का, हा प्रश्न उरला होता. स्टिरिओच्या प्रतिमांतून त्यांचा पद्धतशीर शोध घेण्यात आला, तेव्हा सुमारे 6 किलोमीटरपेक्षा मोठा एकही आढळला नाही.