पार्श्वभूमी : कमऱ्यातलं संगीत चर्चमध्ये

ठाण्यात एखाद्या जुन्या चर्चमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांचं पाश्चात्य संगीत, वाजणार असं कळलं की पहिला प्रश्न असतो, ‘तिकीट कुठे मिळेल?’ चर्च कॅथलिक असेल तर नियमाने तिकीट लावताच येत नाही. हा आयोजकांचा उदारपणा नव्हे. त्यामागे १९८७ साली रोमहून निघालेलं एक पत्र आहे. त्याकडे येण्याआधी ‘चेंबर’ या शब्दाचा गुंता बघू.

चेंबर म्हणजे खोली. आपला ‘कमरा’ पोर्तुगीज ‘कामरा’वरून आला आणि इटालियन संगीतातला ‘कामेरा’ त्याचाच भाऊबंद. सतराव्या शतकातले इटालियन लोक सोनाटांचे, म्हणजे वाद्यांसाठीच्या रचनांचे, दोन प्रकार करायचे. ‘दा कामेरा’ म्हणजे दिवाणखान्यासाठी आणि ‘दा किएझा’ म्हणजे चर्चसाठी. कोरेल्ली या संगीतकाराचा १६८१ चा पहिला संच चर्चसाठीचा होता, १६८५ चा दुसरा कमऱ्यासाठीचा. वादक दोन्हींत मूठभरच. फरक इतकाच की कमऱ्यातल्या सोनाटात नाचांच्या चाली उघडपणे यायच्या आणि चर्चमध्ये साथीला ऑर्गन असायचा. म्हणजे ‘चर्चमधलं चेंबर म्युझिक’ हे शब्द त्या काळी कुणी एका दमात उच्चारले असते तर लोक हसले असते. पुढे अठराव्या शतकात ही वाटणी विरून गेली आणि चार जणांनी वाजवलेलं सगळंच ‘चेंबर’ ठरलं.

ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांच्याही आधीचा. १३२१ मध्ये इथे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार संन्यासी मारले गेले, ही हकिकत युरोपात पोचली होती. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ मध्ये वसई. हे शाळेत झालेलं आहे. संगीताच्या बाजूने त्यातली एकच गोष्ट सांगण्यासारखी. त्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे, भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे. चर्चमधला एखादा सूर घाटावरच्या माणसाने ऐकला तो असा. तसं वसईकडची जुनी ख्रिस्ती माणसं आजही चर्चला ‘देऊळ’च म्हणतात.

आता ते पत्र. १९०३ मध्ये पोपनी चर्चमधल्या संगीताची झाडाझडती घेतली होती. पियानोला बंदी, ढोल-झांजांना बंदी, बँडला तर कडक मनाई. पण तो हुकूम उपासनेपुरता होता. उपासना नसताना कोणी चर्च मागितलं तर काय, याचं नीट उत्तर पुढे १९८३ च्या चर्च कायद्यात आलं : वास्तूच्या पावित्र्याला बाधणार नाही असा इतर वापर बिशप त्या-त्या प्रसंगापुरता मंजूर करू शकतात. युरोपात तोवर उन्हाळी संगीतमहोत्सवांनी चर्च व्यापून टाकली होती. हॉलचा मोसम संपलेला, वादक मोकळे आणि दगडी भिंतींआड गारवा. त्या धांदलीला लगाम म्हणून नोव्हेंबर १९८७ मध्ये रोमच्या उपासना खात्याने देशोदेशींच्या बिशप परिषदांना पत्र धाडलं.

त्यातल्या अटी व्यवहाराच्या आहेत. परवानगी आधी आणि लेखी मागायची. प्रवेश सर्वांना खुला, पैसे न घेता. वादकांनी वेदीच्या आवारात बसायचं नाही. पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून जपलेला प्रसादाचा पाव, शक्यतो बाजूच्या सुरक्षित जागी हलवायचा. नुकसानीची जबाबदारी आयोजकाने लिहून द्यायची. यावर फारसं कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते मुख्य कलमाचं : चर्चमध्ये धार्मिक प्रेरणेचंच संगीत वाजावं. धार्मिक कुठलं, हे ती रचना मुळात कशासाठी झाली आणि तिचा आशय काय यावरून ठरवायचं. सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची रचना, कितीही सुंदर असली तरी तेवढ्याने ती धार्मिक होत नाही, असं पत्र रोखठोक सांगतं.

गायनाला ही कसोटी सोपी आहे, शब्द वाचले की निकाल लागतो. चार तंतुवाद्यांच्या बिनशब्दांच्या क्वार्टेटचा आशय कोण ठरवणार? अक्षरशः वाचलं तर जवळजवळ सगळं चेंबर म्युझिक दाराबाहेर जातं, कारण ते जमीनदारांच्या आणि सरदारांच्या दिवाणखान्यांसाठीच लिहिलेलं. अपवाद दाखवायचा तर सगळे हायडन या संगीतकाराकडे बोट दाखवतात. स्पेनमधल्या काडिझच्या धर्मगुरूने गुड फ्रायडेच्या ध्यानासाठी त्याच्याकडून ख्रिस्ताच्या शेवटच्या सात वचनांवर वाद्यवृंदाची रचना करून घेतली. खिडक्या-खांबांवर काळं कापड आणि मध्ये एकच मोठा दिवा, असा तो प्रसंग. १७८७ मध्ये हायडननेच तिची क्वार्टेट केली. सलग सात संथ तुकडे लिहायचे आणि ऐकणारा कंटाळायला नको, हे सोपं नव्हतं असं त्यानेच नोंदवलंय. पण अशा मोजक्या कृतींवर मोसम कसा निघणार? म्हणून प्रत्यक्षात अनेक देशांत हे कलम सैल हाताने वापरलं जातं. माझ्या मते ते योग्यच आहे. ज्या पत्राने दार सगळ्यांना फुकट उघडायला लावलं, त्यानेच आत वाजवायला काही उरू देऊ नये, हे विचित्र आहे.

शिवाय हा नियम फक्त कॅथलिक चर्चचा. ठाण्यातच १८२५ मध्ये कलकत्त्याच्या बिशपनी प्रतिष्ठा केलेलं इंग्रजांचं चर्च आहे, त्याला रोमचं पत्र लागू नाही. इंग्लंडमध्ये ऑल्डबराचा महोत्सव १९४८ पासून गावच्या चर्चमध्ये वाजवत आला तोही याच मोकळिकीत. ठाण्यातल्या तलावपाळीच्या, म्हणजे तळ्याकाठच्या, कॅथलिक चर्चला ती नाही.

मुंबईत क्वार्टेट नवी नाही. १९३५ मध्ये एका पारशी व्हायोलिनवादकाने ऑर्केस्ट्रा उभा केला, १९४० मध्ये चौघांचा संचही. पण पाश्चात्य वादक इकडे फिरकतात ते थंडीत. एप्रिल-मेची आपली हवा व्हायोलिन आणि चेलोला सोसत नाही. दमटपणाने लाकूड फुगतं, सूर सरकतो. पंखे लावले तर त्यांची घरघर सगळ्यात नाजूक जागी ऐकू येते, बंद केले तर श्रोते कार्यक्रमपत्रिकेने वारा घेतात. दारं उघडावीत तर तलावपाळीवरच्या रिक्षा आत येतात. युरोपात ज्या गारव्यासाठी लोक उन्हाळ्यात चर्चमध्ये शिरले, तो इथे नाहीच. आणि गंमत अशी की गुड फ्रायडे येतो तो २० मार्च ते २३ एप्रिलच्या दरम्यान. परवानगीबद्दल कुणाला शंका नसलेली ती हायडनची कृती वाजवायची वेळ आपल्याकडे नेमकी घाम फुटायला लागतो तेव्हाची.