एशियन गेम्समधलं सेलिंग

एशियन गेम्समधलं सेलिंग म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यती. १९७० च्या बँकॉक गेम्सला हा खेळ पहिल्यांदा आला, १९७४ ला तेहरानला नव्हता, १९७८ ला परत आला तो आजपर्यंत आहे. आधी याला यॉटिंग म्हणायचे, त्यामुळे अजूनही अनेकांना वाटतं की हा आलिशान बोटींचा खेळ आहे. खरंतर बहुतेक होड्या एक किंवा दोन माणसं चालवतील एवढ्याच असतात, त्यांना डिंगी म्हणतात. विंडसर्फिंगही यातच धरतात.

यजमान शहराजवळ समुद्र नसेल तर शर्यती दुसरीकडे होतात, १९८६ ला गेम्स सोलला होते पण सेलिंग बुसानला, आणि हांगझोऊच्या वेळी निंगबोजवळ शिआंगशानला. आपल्याकडेही तेच झालं, १९८२ चं एशियाड दिल्लीचं पण सेलिंग झालं मुंबईत, आणि तिथेच फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात गोल्ड मारलं. फायरबॉल म्हणजे दोघांची, चपट्या नाकाची वेगवान डिंगी, एक जण सुकाणू धरतो आणि दुसरा कमरेला तार अडकवून होडीच्या बाहेर जवळजवळ आडवा लटकतो, म्हणजे वाऱ्याने होडी कलंडत नाही. एशियन गेम्सच्या सेलिंगमधलं भारताचं एकुलतं एक गोल्ड अजूनही तेच आहे. इतकी मोठी गोष्ट मुंबईच्या पाण्यात घडली आणि मुंबईतच ती फार कोणाला माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं. तारापोर यांचा दमही विलक्षण, २८ वर्षांनी २०१० ला मॅच रेसिंगमध्ये, म्हणजे दोनच होड्यांच्या समोरासमोरच्या शर्यतीत, सिल्व्हर मिळवणाऱ्या टीममध्येही ते होते!

शर्यत कशी होते ते समजलं की बघायला मजा येते. पाण्यात बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, टाकून मार्ग आखतात, कमिटीची बोट आणि एक बोया यांच्यामधली काल्पनिक रेघ म्हणजे स्टार्ट लाइन. ५ मिनिटं आधी पहिला बावटा चढतो, मग ४ मिनिटं, मग १ मिनिट. होडीला ब्रेक नाही, जागेवर नीट थांबताही येत नाही, त्यामुळे सगळे रेघेच्या मागे घिरट्या घालत एकमेकांच्या शिडातला वारा अडवत जागा पकडतात आणि शेवटच्या काही सेकंदांत शीड ताणून सुटतात. सिग्नलच्या आधी नाक रेघेपुढे गेलं तर मागे फिरून परत सुरुवात करावी लागते. पुढे पहिला बोया वाऱ्याच्या उगमाकडे असतो आणि वाऱ्यात सरळ तोंड घालून कुठलीच होडी जात नाही, म्हणून तिरकं तिरकं नागमोडी जायचं, त्याला टॅक मारणं म्हणतात. कुठल्या बाजूला वारा जास्त मिळेल आणि तो कधी फिरेल हे पाण्यावरच्या सुरकुत्या बघून ओळखायचं, इथेच खरा सेलर कळतो.

गुण मात्र उलटे असतात. पहिल्याला १, दुसऱ्याला २, अशा अनेक शर्यती, त्यातली सगळ्यात खराब एक वजा करतात आणि ज्याची बेरीज कमी तो जिंकला. म्हणजे एक दिवस चमकून भागत नाही, रोज वरच्या नंबरात यावंच लागतं. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ गेम्सला मध्य प्रदेशच्या देवासची नेहा ठाकूर मुलींच्या आयएलसीए-४ वर्गात (एकटीने चालवायची लहान शिडाची डिंगी) ११ शर्यतींत ३२ गुणांवर होती, सर्वात वाईट शर्यतीचे ५ गेले, राहिले २७, आणि सिल्व्हर आलं. तिची सगळ्यात वाईट शर्यत म्हणजे पाचवा नंबर, यावरून सातत्य काय असतं ते कळतं. विष्णू सरवणनला आयएलसीए-७ मध्ये (तसाच सांगाडा, मोठं शीड) ब्राँझ मिळालं, त्याचे ३४ आणि सिल्व्हरवाल्या कोरियन सेलरचे ३३. एका गुणाने पदकाचा रंग बदलला, म्हणजे इतक्या शर्यतींपैकी एकीत एक होडी आधी पार केली असती तरी बरोबरी झाली असती. तिसरं पदक इबाद अलीचं, विंडसर्फिंगमधलं ब्राँझ.

त्याआधी २०१८ ला जकार्तात वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर यांना ४९ईआर एफएक्स या दोघींच्या वेगवान डिंगीच्या वर्गात सिल्व्हर, वरुण ठक्कर-गणपती जोडीला आणि हर्षिता तोमरला ब्राँझ. हे सेलर बघितले तर आर्मी-नेव्ही, चेन्नई आणि भोपाळची सेलिंग स्कूल असेच मोजके पत्ते सापडतात. भोपाळला समुद्र नाही, तिथली पोरं तलावावर शिकतात आणि पदकं आणतात, एवढी लांब किनारपट्टी असलेल्या महाराष्ट्राने हे मनावर घ्यायला हवं. आर्मीचं यॉटिंग केंद्र मुंबईतच आहे, पण गावोगावच्या पोरांपर्यंत हा खेळ पोहोचलेला नाही.

विष्णू पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकलाही उतरला. नेहाच्या आयएलसीए-४ चा वर्ग मात्र ऑलिम्पिकला नसतो, ती वजनाने हलक्या मुलामुलींसाठी लहान शिडाची होडी आहे, पुढे जायचं तर सांगाडा तोच ठेवून त्यावर मोठं शीड चढवायचं, म्हणजे आयएलसीए-६.