रंगाचं पाणी तोडायची विद्या आली कुठून

नवीन लाल साडी पहिल्यांदा भिजवली की बादलीभर रंग उतरतो, आपण तो मोरीत ओततो आणि विसरतो. डाइंगवाल्यांकडे तेच पाणी टाक्याच्या टाक्या निघतं, कारण सुती कापडावरचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) सगळा काही धाग्याला धरत नाही. आपण खान्देशवाल्यांनी हे लांबचं समजू नये, आपला कापूस बाहेर जातो, लग्नसराईला सुरतचं रंगीत कापड इथे येतं आणि सुरत बसलीय आपल्याच तापीच्या मुखाशी.

१८५६ मध्ये लंडनला १८ वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं औषध क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. तिथून कृत्रिम रंग सुरू झाले, पुढे अ‍ॅझो (नायट्रोजनच्या जोडीवर बेतलेले) रंग, मग १९५६ ला रिअ‍ॅक्टिव्ह. रंग उन्हाने, साबणाने उडू नये म्हणून केमिस्ट लोकांनी पिढ्यानपिढ्या डोकं लावलं आणि नेमका तोच पक्केपणा सांडपाण्यात आडवा येतो, बॅक्टेरियालाही तो सहज पचत नाही. तुरटी टाका नाहीतर कोळशातून गाळा, पाणी नितळ दिसतं पण रंग नुसता जागा बदलतो.

रेणूच तोडायची युक्ती मात्र जुनी. १८९४ ला केंब्रिजच्या हेन्री फेंटनने लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र वापरून टार्टारिक अ‍ॅसिडचं ऑक्सिडेशन केलं, रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता. यात हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोरच्या रेणूवर तुटून पडणारा अस्थिर तुकडा, काम करतो हे हाबर आणि वाइसने १९३४ मध्ये मांडलं. त्याची ऑक्सिडेशनची ताकद २.८ व्होल्ट, क्लोरीनची १.३६. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑक्सिडेशन' (असे रॅडिकल तयार करून पाणी साफ करणं) ही व्याख्या तर थेट १९८७ ची.

जळगावला कॉलेजात असताना मी मिथिलीन ब्लूच्या बीकरमध्ये अ‍ॅसिडने पीएच ३ वर आणला, चिमूटभर हिराकस (लोहाचाच क्षार) घातलं आणि पेरॉक्साइड सोडलं, बघता बघता निळं विरलं आणि फिकट पिवळं पाणी उरलं. मी खूश, मॅडम म्हणाल्या, "रंग गेला ना, आता सीओडी काढ." सीओडी म्हणजे पाण्यातली घाण पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. तो बराच निघाला, रेणू अर्धवटच तुटले होते, शिवाय उरलेलं पेरॉक्साइडही सीओडी वाढवून दाखवतं. चुना घालून पीएच वर आणला तर तळाला गंजासारखा गाळ, म्हणजे त्याचीही सोय लावणं आलं.

गाळ नको म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पावडरीकडे लोक वळले, प्रकाश पडला की तीही पाण्यात तोच रॅडिकल तयार करते; १९७२ ला फुजिशिमा आणि होंडाने त्यावर प्रकाश पाडून पाणी फोडून दाखवलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो त्यामुळे वाटतं इथे फुकटात काम होईल, पण या पावडरीला उष्णता नाही, अल्ट्राव्हायोलेट लागतं आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के असतं.